उन्हात तपासलेला अंधार

लग्नकार्यात नवी ओळख झाली की लोक विचारतात, ताई, तुम्ही काय करता? मी सांगते, जहाजाचं काम. मग हसू पसरतं. कुणी विचारतं, तुमचं जहाज अंबाझरी तलावातून निघतं का? एका जावईबापूंनी तर पंगतीत बसल्या बसल्या नाग नदीत बंदर कधी होणार याची चौकशी केली होती. मी आता उत्तर तयारच ठेवलं आहे. म्हणते, समुद्र जवळ नाही म्हणूनच तर आम्हाला जास्त अक्कल लागते. मुंबईवाल्याचं काही चुकलं तर तो गाडी काढतो आणि तासाभरात बंदरावर जाऊन उभा राहतो. आमचं चुकलं तर मध्ये अख्खा महाराष्ट्र आडवा असतो.

मी नागपूरच्या कोरड्या बंदरात काम करते. कोरडं बंदर म्हणजे पाणी नसलेलं बंदर, बाकी सगळं तेच. रेल्वेने रिकामे कंटेनर येतात, इथे भरले जातात, कस्टमचे साहेब इथेच सील लावतात आणि आगगाडी भरलेले डबे मुंबईजवळच्या बंदरात नेऊन सोडते. तिथून ते जहाजावर चढतात. मी एका क्लिअरिंग एजंटकडे नोकरीला आहे. कागदपत्रं करणारे आमच्या ऑफिसात पुष्कळ आहेत. माझं काम वेगळं आहे. धान्य भरायच्या आधी कंटेनरला भोक आहे का, ते मी पाहते.

हे काम ऐकायला सोपं आहे. रिकाम्या डब्यात शिरायचं आणि बाहेरच्या माणसाला दोन्ही दारं ओढून धरायला सांगायची. कडी लावायची नाही, नुसतं धरायचं, हा आमचा नियम. मग आत अंधारात गप्प उभं राहायचं. डोळे अंधाराला सरावले की चारी बाजूंना आणि वर छताकडे सावकाश पाहायचं. कुठे राईच्या दाण्याएवढाही उजेड दिसला की डबा नापास. उजेड आत येतो तिथून पाणीही आत येतं, आणि समुद्रावर पाण्याला काही तोटा नाही. पाहून झालं की आतून दारावर तीन थापा मारायच्या. मे महिन्यात लोखंडी डब्यात दोन मिनिटं उभं राहणं म्हणजे काय, हे नागपूरच्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून कळणार नाही. मी डोक्याला ओढणी गुंडाळते, पर्समध्ये कांदा ठेवते आणि शिरते. माझ्याआधी हे काम पुरुषच करायचे. बाईला झेपणार नाही, असं तेव्हाच्या एका साहेबांचं मत होतं. ते साहेब बदलून गेले. मी अजून आहे.

आमच्या उन्हाला जगात कुणी चांगलं म्हणत नाही, मी म्हणते. ढगाळ गावात भोक लपतं. नागपूरच्या दुपारी बारीकसं भोकही असं चमकतं की लपायची सोयच राहत नाही. नागपुराहून गेलेला डबा सुका पोचतो, अशी आमची ख्याती होती आणि त्या ख्यातीतला मोठा वाटा या उन्हाचा होता. उरलेला माझा. हे मी लाजून वगैरे सांगत नाही.

आता भोकं येतात कुठून, तेही सांगायला हवं. कंटेनर आमचे नसतात. जहाजंही आमची नाहीत. परदेशी कंपन्यांचे डबे, त्यांचीच जहाजं आणि त्यांचंच वेळापत्रक, आपला फक्त तांदूळ. बंदरात नवे-चांगले डबे उतरले की समुद्राकाठचे मोठे निर्यातदार ते तिथल्या तिथे उचलतात. गाळून-वेचून उरलेले गाडीत घालून आमच्याकडे येतात. आम्हाला ते लोक 'अपकंट्री' म्हणतात, म्हणजे समुद्रापासून लांब, आतल्या मुलखातले. ताटातलं उरलेलं पाठवायचं आणि वर उपकारही करायचे, असा तो शब्द माझ्या कानाला लागतो. त्यात गेली काही वर्षं तांबड्या समुद्रात हल्ल्यांची भीती, म्हणून युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. डबे कितीतरी दिवस जास्त पाण्यावर राहू लागले आणि जमिनीवर त्यांचा तुटवडा झाला. दुष्काळात तेरावा महिना. पूर्वी मी दहा डब्यांतून चार नापास करायची आणि कुणी काही बोलत नसे. आता एक नापास केला तरी मुंबईहून फोन येतो, मॅडम जरा अॅडजस्ट करा.

त्या मे महिन्यात पारशिवनीकडचे एक गिरणीवाले आले. वय पन्नाशीचं, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. धानाची छोटी गिरणी होती त्यांची. आजवर त्यांचा तांदूळ नागपूरच्या इतवारी बाजारात जायचा, तिथे दुसऱ्याच्या पोत्यात भरला जायचा आणि दुसऱ्याच्या नावाने कुठे कुठे खाल्ला जायचा. पहिल्यांदाच त्यांनी स्वतः खटपट करून पश्चिम आफ्रिकेतल्या एका व्यापाऱ्याची ऑर्डर मिळवली होती. एकच कंटेनर. पोत्यांवर त्यांनी आपल्या गावाचं नाव छापून घेतलं होतं, मराठीत आणि इंग्रजीत. मला पोतं दाखवताना ते त्या नावावरून तळहात फिरवत होते. व्यापाऱ्याची अट एवढीच होती की ठरलेल्या जहाजानेच माल निघाला पाहिजे, नाही तर ऑर्डर रद्द. ते जहाज गाठायचं तर डबा भरल्याच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीत चढायला हवा होता.

माल भरायच्या दिवशी ते बायकोला घेऊन आले. पूजेचं ताट, नारळ, हळदकुंकू. इथे पहिल्या कंटेनरची पूजा करतात, नव्या ट्रॅक्टरची करतात तशीच. बाईंच्या अंगावर जरीचं लुगडं होतं, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि दुपारचे बारा वाजलेले. यार्डातलं डांबर बुटाला चिकटत होतं. त्या मला म्हणाल्या, ऊन लई लागून राहिलं वं ताई. मला त्यांची दया आली. आमच्याकडे नुकतीच मोठी पत्र्याची शेड झाली होती. मी यार्डाच्या सुपरवायझरला सांगितलं, डबा उन्हात नको, शेडमध्ये घे, पूजा तिथेच होऊ दे. त्याने क्रेनने डबा शेडमध्ये ठेवला. सगळ्यांना बरं वाटलं. मीही तिथेच आत शिरले, दारं ओढून घेतली आणि पाहिलं. काळाकुट्ट अंधार होता. बाहेर येऊन सांगितलं, पास.

एवढी वर्षं हे काम केलेल्या बाईने सावलीत भोकं शोधली! आज लिहितानाही कान गरम होतात. पण त्या वेळी मनात पूजा होती, बाईंचा गुडघा होता आणि आपण किती चांगलं वागतोय याचं कौतुक होतं. स्वतःच्या चांगुलपणाचं कौतुक चाललेलं असताना माणसाला दुसरं काही दिसत नाही, असा माझा अनुभव आहे.

दारावर हळदीकुंकवाची बोटं उमटली, नारळ फुटला, फोटो झाले. हमालांनी आतून खाकी कागद लावला आणि पोती चढवायला सुरुवात केली. साडेपाचच्या सुमारास ऊन तिरपं होऊन शेडच्या पश्चिमेच्या उघड्या बाजूने आत आलं. डबा अर्ध्याच्या वर भरला होता. मी दाराशी उभी राहून पोती मोजत होते, आणि आतल्या धुळीत मला उजेडाची एक रेघ दिसली. सुताएवढी. उजव्या भिंतीत, छताच्या अगदी खाली, जिथे कागद पोचला नव्हता, तिथून ती निघून पोत्यांवर पडली होती.

माझी मोजणी तिथेच थांबली. सुपरवायझरने माझ्या नजरेच्या दिशेने पाहिलं आणि त्यालाही ती दिसली. तो माणूस वाईट नाही. त्याने हळूच मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "ताई, राईएवढं भोक हाये. आतून एम-सील लावून टाकतो. कोण पाहून राहिलं?"

खरं होतं, कुणीच पाहत नव्हतं. गिरणीवाले बाकावर बसून बायकोबरोबर चहा पीत होते. पण जहाजावर डबे एकावर एक सात-आठ थर रचतात, आणि माझा डबा सगळ्यात वर असेल की खाली, हे मला कोण सांगणार? उन्हाने तापणार, रात्री गार पडणार, वर खाऱ्या पाण्याचा मारा. हातांनी लावलेला तो लगदा आफ्रिकेपर्यंत टिकेल अशी खात्री मी देऊ शकत नव्हते. आणि पोत्यावर गावाचं नाव होतं. तिकडे दार उघडल्यावर काळी बुरशी दिसली असती, तर ती त्या नावावर दिसली असती.

मी हमालांना थांबवलं आणि बाकापाशी गेले. चहाचा कप त्यांच्या हातात तसाच राहिला. मी सांगितलं, "भाऊ, चूक माझी आहे. मी डबा सावलीत पाहिला. त्याले भोक आहे, मी सही नाही करणार."

ते भडकले, आणि त्यांनी भडकायलाच हवं होतं. म्हणाले, दुपारी तुम्हीच पास केला, आता तुम्हीच नापास करता, उद्या गाडी आहे, मी त्या माणसाला काय सांगू? मी ऐकून घेतलं. मी स्वभावाने तापट आहे, ऐकून घेणं मला जमत नाही. पण त्या दिवशी ऐकलं. शेवटी त्यांना सगळ्यात जास्त खुपत होतं ते वेगळंच. पूजा झालेला डबा परत करायचा म्हणजे अपशकुन, पहिल्याच कामाला. त्यावर बाई कप खाली ठेवून बोलल्या. "अवो, पूजा आपण तांदळाची केली, डब्याची नाही."

पोती परत उतरली. मी मुंबईला जहाजाच्या एजंटकडे फोन लावला, दुसरा डबा द्या म्हणाले. तिकडचा पोरगेला आवाज गोड होता. धान्य भरण्याजोगा एकही डबा नागपूरला नाही, पुढची गाडी येईल तेव्हा बघू, तोवर आहे त्याला डागडुजी करून घ्या, असं त्याने सांगितलं. भोकाचं काय, असं विचारल्यावर तो म्हणाला, मॅडम, इतकं बारीक कुणी बघत नाही. मी म्हणाले, आम्ही बघतो. फोन ठेवला आणि पाच मिनिटं मलाच माझा राग येत राहिला, कारण त्या दुपारी मीही बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेल्डर आला आणि त्या भोकावर पत्र्याचा तुकडा बसवून गेला. चांगलं काम केलं त्याने. बरोबर बारा वाजता मी डबा यार्डाच्या मधोमध, भर उन्हात ठेवायला सांगितला. मी ओढणी गुंडाळत होते तेवढ्यात गिरणीवाले म्हणाले, मीही येतो आत. मी त्यांना सांगितलं की आत भट्टी असते, घाबरायला होतं. ते म्हणाले, गिरणीत बॉयलर आहे माझ्या, मला नका सांगू.

आम्ही दोघं आत गेलो. सुपरवायझरने दारं ओढून धरली. पहिलं अर्धं मिनिट काहीच दिसत नाही. घाम मानेवरून पाठीत उतरताना तेवढा कळतो. मग मी वर पाहिलं. छताच्या डाव्या कोपऱ्यात एक, मधल्या पट्टीवर दोन जवळजवळ, दाराच्या वरच्या रबरापाशी एक. चार भोकं. सावलीत एकानेही तोंड दाखवलं नव्हतं आणि आता चारही आमच्याकडे डोळे वटारून पाहत होती. मी बोट दाखवलं नाही. त्यांना स्वतः दिसू दे म्हटलं. त्यांचा श्वास ऐकू येत होता. थोड्या वेळाने त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि ती चार भोकं एकेक करून सावकाश व्हिडिओत घेतली. मग दारावर त्यांनीच थापा मारल्या, तीन.

बाहेर आल्यावर त्यांचा पांढरा शर्ट पिळण्यासारखा झाला होता. सुपरवायझर म्हणाला, वेल्डर अजून गेटवरच आहे, बोलावतो. गिरणीवाल्यांनी मान हलवली. "चार दिसले तं पाचवं बी असन. डबा वापस करा गा."

संध्याकाळची गाडी गेली. तिच्यात आमचा डबा नव्हता. पोती शेडमध्ये थप्पी लावून ठेवली होती, गावाच्या नावाची बाजू बाहेर. मी त्या रात्री जेवले नाही. माझ्या दोन मिनिटांच्या सावलीपायी एका माणसाची पहिली ऑर्डर बुडाली होती. शेडऐवजी उन्हात पाहिलं असतं तर आदल्या दिवशी दुपारीच कळलं असतं आणि हातात दीड दिवस असता, इकडून तिकडून एखादा डबा मिळवता आला असता. हे सगळं मला ठाऊक होतं. त्यांनाही ते कळलं असणार, पण बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

ऑफिसात दुसऱ्या दिवशी आमचे मालक समोर येऊन बसले. नागपुरातल्याच जरीपटका भागातले आहेत, तीस वर्षं या धंद्यात, मनाने मोठे. मालाचं जहाज का चुकलं, याचं कारण व्यापाऱ्याला लेखी कळवायचं होतं. ते म्हणाले, बंदरावर गर्दी होती म्हणून लिहा. आमच्या धंद्यात बंदरावरची गर्दी हे सर्वमान्य कारण आहे. ती नेहमी असतेच, त्यामुळे त्यात खोटं बोलल्यासारखंही वाटत नाही. जहाज बाहेर नांगरून उभं, गाडी आत जायला जागा नाही, ट्रेलरची रांग. या देशात माल उशिरा पोचला की गर्दीवर ढकलायचं आणि मोकळं व्हायचं. पण त्या दिवशी बंदरावर काय होतं ते मला माहीतच नव्हतं. चूक नागपुरात झाली होती. मी लिहिलं की रिकामा कंटेनर आमच्याकडून सावलीत तपासला गेला, भोकं उशिरा दिसली, अशा डब्यात आम्ही धान्य भरत नाही. खाली माझी सही केली. मालक वाचून म्हणाले, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. मी म्हणाले, अवलक्षण हातातच होतं, दाखवलं नसतं तरी. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले आणि मग त्यांनी ते पत्र तसंच पाठवलं.

मला माहीत नव्हतं की त्याच्या आदल्या संध्याकाळीच गिरणीवाल्यांनी त्या व्यापाऱ्याला तो व्हिडिओ पाठवून दिला होता. सोबत काही लिहिलं नव्हतं, कारण इंग्रजी त्यांना वाचता येतं, लिहायला वेळ लागतो. एक पूर्ण काळा पडदा, त्यात चार ठिपके, आणि मागे दोन माणसांचे श्वास. एवढंच.

तीन दिवसांनी ते ऑफिसात आले आणि मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला. व्यापाऱ्याचा आवाजी निरोप होता. त्याचं इंग्रजी आमच्या इंग्रजीपेक्षा वेगळ्या चालीचं, म्हणून आम्ही तो चार वेळा ऐकला. त्याने म्हटलं होतं की तुमच्या देशातून माझ्याकडे भिजलेला तांदूळ पुष्कळदा आला आहे. प्रत्येक वेळी मला गर्दीचं कारण मिळालं. भोक मात्र आजवर कुणी दाखवलं नव्हतं. पुढच्या जहाजाने पाठवा, मी थांबतो, आणि नव्या डब्याचाही असाच व्हिडिओ पाठवा.

गिरणीवाले माझ्याकडे पाहत होते. डोळे भरून आले आणि मी उगाचच टेबलावरचे कागद सारखे केले. इतकी वर्षं या कामात घाम गाळला, पण माझ्या कामाला समुद्रापलीकडून कुणी ओळखलं, असं तोवर झालं नव्हतं.

दहा-बारा दिवसांनी नवा डबा आला. नवा कसला, जुनाच, रंगाचे पापुद्रे निघालेला. पण बारा वाजता उन्हात ठेवला. या वेळी बाईंनीही आत यायचं ठरवलं, गुडघा गुडघा करत चढल्या. दारं ओढली गेली. आम्ही तिघं उभे. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. कुठेही काही नाही, छतावर नाही, कोपऱ्यात नाही, रबरापाशी नाही. गिरणीवाल्यांनी मोबाईल चारी बाजूंनी फिरवला. बाई कुजबुजल्या, "काहीच दिसून नाही राहिलं." आणि त्यांचे यजमान म्हणाले, "तेच तं पाठवाचं हाये."

तांदूळ पोचला. दार उघडतानाचा फोटो तिकडून आला. सुकी पोती, त्यांच्यावर मराठीत गावाचं नाव, आणि पुढे उभा असलेला एक उंच माणूस, हात कमरेवर. आता त्या गिरणीचे डबे नेमाने जातात. आणखी दोन गिरण्यांनी तीच पद्धत धरली आहे. बंदरात अजून गर्दी असते, जहाजं अजून वळसा घेतात, डबे अजूनही उरलेसुरलेच येतात, आणि मुंबईचा तो गोड आवाज अजूनही अॅडजस्ट करा म्हणतो. मी शेडकडे पाहतसुद्धा नाही. भर दुपारी डबा उन्हात ठेवते, आत शिरते आणि मोबाईल चालू करते.

परवा माझी भाची माझा फोन चाळत होती. म्हणाली, मावशी, हे एवढे काळे व्हिडिओ काहून ठेवले तू, यात तर काहीच नाही, पुसून टाक. मी फोन तिच्या हातातून काढून घेतला. जागा भरली की मी लोकांच्या लग्नाचे फोटो पुसते. हे व्हिडिओ नाही पुसत.